टक् आणि ढप्

बोरीच्या अलीकडे एका ओढ्यावर बुटका पूल आहे. पुलाचं सिमेंट आणि रस्त्याचं डांबर जिथं भेटतं तिथं डाव्या अंगाला दर पावसाळ्यात घमेल्याएवढा खड्डा पडतो. उन्हाळ्यात तो बुजवतात, आषाढात तो पुन्हा आपल्या जागी हजर. आम्ही चौघी शिक्षिका परभणीहून जिंतूर रोडनं रोज शाळेला जातो. गाडी माझी, पेट्रोल चौघींचं. मागच्या श्रावणात एका सोमवारी डावं चाक त्या खड्ड्यात उतरलं आणि खालून आवाज आला. टक्. कुणीतरी बोटाच्या पेरानं पत्र्यावर एकदाच वाजवावं तसा.

पहिल्या दिवशी कुणी लक्ष दिलं नाही. पंधरा दिवसांत त्या आवाजाला गाडीत पाचव्या सीटचा मान मिळाला. पूल जवळ आला की बोलणं आपोआप थांबायचं. बदल्या असोत, पोषण आहाराची माहिती भरणं असो, कुणाच्या जावेचं काही असो, वाक्य अर्ध्यात तोडलं जायचं. टक् झालं की मागून गणिताच्या मॅडम म्हणायच्या, "आला!" आणि वाक्य पुढं सुरू.

गंमत अशी की आवाज कुठून येतो यावर चौघींचं एकमत नव्हतं. माझ्या शेजारी बसणारीला तो तिच्या पायाखालून यायचा. मागं डावीकडं बसणारीला सीटखालून. गणिताच्या मॅडमना तो चक्क माझ्या दारातून यायचा, आणि त्या गणिताच्या असल्यामुळं त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. मला स्वतःला तो स्टिअरिंगच्या दांड्यातून हातात आल्यासारखा वाटायचा. आता कळतं की चौघी खऱ्या होतो. मोटारगाडी म्हणजे एक मोठा पत्र्याचा डबा. त्याच्या एका कोपऱ्यात ठोकलं तर आवाज सगळ्या डब्यात फिरतो आणि जिथून बाहेर पडायला सोपं जातं तिथून कानावर येतो.

गाडी 2006 ची अल्टो. मी ती 2013 मध्ये जुनी म्हणून घेतली, आता काट्यावर 1,38,000 किलोमीटर आहेत. चाकं बारा इंची. मोठ्या चाकाची गाडी ज्या खड्ड्यावरून उडी मारल्यासारखी निघून जाते, त्यात बारा इंची चाक नीट तळ बघून वर येतं. घरी ह्यांचं मत एका वाक्यात होतं, "विकून टाकू आता." पण शिकले मी या गाडीवर, आणि हप्ते फिटलेली गाडी ही काय चीज असते ते ज्यानं हप्ते भरलेत त्यालाच कळतं.

आधी मी स्वतः जे करायचं ते केलं. डिकी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, पाना, पाण्याचा कॅन, गॅदरिंगच्या नाटकातली लाकडी तलवार, सगळं घरी काढून ठेवलं. असं करून निम्मे आवाज जातात म्हणे. माझा गेला नाही.

मग पहिलं गॅरेज. तिथल्या पोराला सांगितलं, पुढून डावीकडून टक् असा आवाज येतो. तो गाडी घेऊन गेला, दहा मिनिटांत आला आणि म्हणाला, "मॅडम, काहीच आवाज नाही." त्यानं चक्कर मारली होती ती नव्या सिमेंट रोडवर, काचा बंद करून. मी म्हटलं, चल माझ्यासोबत. खराब रस्त्यावर नेलं, ऐकवलं. बाईनं आवाज ऐकला यावर त्याचा विश्वास बसायला एक खड्डा आणि माझं पाव लिटर पेट्रोल लागलं. मग मात्र तो एकदम ठाम झाला. शॉकअप गेले. दोन्ही. आणि डावा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, तो पण बदलून टाकू, खोललंच आहे तर.

बदललं. पगाराला भोक पडेल एवढं बिल झालं. सोमवारी पुलावर सगळ्या गप्प. टक्.

"आला," गणिताच्या मॅडम म्हणाल्या, पण यावेळी जरा हळू, दुखवट्याला गेल्यासारखं.

दिवाळीपर्यंत त्यात भर पडली. ब्रेक दाबला की खालून एकदाच ढप्. आणि अंगणातून गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की कर्र. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं स्टिअरिंग डावी-उजवी हलवून बघितली, मान हलवली आणि रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग, गेल्याचं जाहीर केलं. रॅकचा आकडा ऐकून मी म्हटलं, बघू सुट्टीनंतर. ही आपली पैसे नसल्याची सभ्य भाषा.

चाचांचा पत्ता शाळेच्या शिपाईमामांनी दिला. धार रोडच्या बाजूला एका मोठ्या लिंबाखाली त्यांचं काम चालतं. पाटी नाही, शटर नाही. पत्र्याची एक शेड, दोन पोरं, आणि लिंबाच्या बुंध्याला टेकवलेले जुने स्प्रिंग-शॉकअप. सत्तरीकडं झुकलेले चाचा खुर्चीवर बसून चहा पीत होते. मी गाडीतून उतरल्या उतरल्या सुरू केलं. पुढून, डावीकडून, बहुतेक चाकाच्या आतून, पण कधी कधी वाटतं…

"बसा की मॅडम आधी," ते म्हणाले. मग म्हणाले, "आवाज कुठून येतो ते मी बघतो. तुम्ही कधी येतो ते सांगा."

मी गप्प. तीन महिने रोज ऐकत होते, चौघी ऐकत होतो, आणि 'कधी'चं उत्तर आमच्याकडं 'पुलावर' एवढंच होतं.

"एक काम करा. आठ दिवस गाडी चालवा आणि लिहून काढा. तुम्ही तर मास्तरीण. सीधा गेल्यावर की वळल्यावर, ब्रेकवर की ब्रेक सोडल्यावर, एकट्या असताना की भरल्या गाडीत, सकाळच्याला की दुपारच्याला. फिर देखेंगे."

गाडीला हातसुद्धा लावला नाही. पैसे विचारले तर म्हणाले, ऐकायचे कसले पैसे.

मी जुन्या हजेरीपटाची मागची पानं फाडून गाडीत ठेवली. खोटं कशाला सांगू, पहिले दोन दिवस फार शहाणपणाचं काही लिहिलं गेलं नाही. 'पूल, टक्.' 'झरी, टक्.' 'टाकळी फाटा, दोनदा.' नुसती गावांची नावं म्हणजे एसटीचं वेळापत्रक. तिसऱ्या दिवशी शाळेजवळच्या स्पीड ब्रेकरवर एक गोष्ट लक्षात आली. त्या दिवशी समोरून उसाचा ट्रॅक्टर आला म्हणून मी ब्रेकर तिरका घेतला: आधी डावं चाक चढलं, मग उजवं. टक् टक्. संध्याकाळी परत येताना तोच ब्रेकर सरळ घेतला, दोन्ही चाकं एकदम. काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन्ही प्रकारे घेतला. तेच. गाडीतल्या तिघींना वाटलं मला झोप आली.

हे पुढं चाचांनी मला समजावलं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा वाकडा लोखंडी दांडा असतो. पुस्तकी नाव स्टॅबिलायझर बार, गॅरेजात बॅलन्स रॉड. वळणावर गाडी एका अंगाला कलंडायला लागली की तो पिळला जातो आणि तिला सरळ धरायला बघतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर त्याला पिळायचं कारणच नाही, तो आपल्या रबरात नुसता फिरतो. एक चाक वर आणि एक खाली असलं की मात्र त्याच्या टोकांवर ताण येतो. म्हणजे तिरक्या ब्रेकरवर वाजणारा आणि सरळ ब्रेकरवर न वाजणारा आवाज स्वतःचं नाव स्वतःच सांगत असतो.

सहावीला त्या आठवड्यात अभ्यस्त शब्द चालू होते. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक. किरकिर, कडकडाट, गडगडाट ही पुस्तकातली उदाहरणं पोरं झोपेत सांगतात, म्हणून मी म्हटलं, पुस्तकातली नकोत, तुम्ही ऐकलेली सांगा. मोटारीची चक्कर डोक्यात होतीच, त्यामुळं पुढं म्हटलं, यंत्राची सांगा. वर्ग एकदम जागा झाला. मळणी यंत्राची घर्रघर्र, बोअरची भुर्रभुर्र (पाणी संपल्यावर), बापाच्या मोटरसायकलच्या चेनची किर्रकिर्र. मागच्या बाकावरचा एक, जो एरवी हजेरीला 'हजर' म्हणायचे पण कष्ट घेत नाही, तो उठून म्हणाला, "खडाखडा म्हंजी रिकामी ट्रॉली." मी विचारलं, आणि भरलेली? तो म्हणाला, "भरलेली कामून वाजंल? ती दबलेली राहती."

त्याचा बाप ऊस वाहतो. सीझनला कारखान्याकडं भरून जाताना ट्रॉल्या मुकाट्यानं जातात आणि रिकाम्या परत येताना गाव उठवतात, हे त्याला माहीत होतं, रस्त्याकडेच्या प्रत्येक घराला माहीत होतं, मलाही माहीत असायला हरकत नव्हती. त्या रात्री मी हजेरीपटाच्या पानावर नवीन रकाना आखला: एकटी / चौघी.

आपल्या भाषेकडं आवाजाचे शब्द किती आहेत हे मला शिकवताना कधी जाणवलं नव्हतं, चाचांच्या शेडमध्ये जाणवलं. ते अक्षरांवरून निदान करतात. लोखंड लोखंडाला लागलं की आवाजात 'ट' येतो: टक्, खट्. मधलं रबर संपलंय आणि नट, वॉशर, आर्म एकमेकांवर आपटतायत असा त्याचा अर्थ. रबर फाटलंय पण अजून जागेवर आहे, तर आवाज मऊ आणि जड, 'ढ' किंवा 'ध' असलेला: ढप्, धप्. कोरडं घासणं म्हणजे 'क' आणि 'र': कर्र, कुरकुर, करकर, बेअरिंगमधलं ग्रीस गेलंय किंवा रबर लोखंडावर कोरडं फिरतंय. रबराची कुरकुर असेल तर पावसात ओलं झालं की ती थांबते आणि ऊन पडलं की परत येते, म्हणून सकाळ की दुपार हा प्रश्न. घूंऽऽ असा सलग आवाज, गाडीच्या वेगासोबत चढणारा, हे चाकाचं बेअरिंग; वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून उजवीकडं वळताना घूं वाढली तर संशय डाव्या चाकावर. स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी पुढं घेताना कट्कट्कट् लागोपाठ आलं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट, आणि तेव्हा खाली वाकून बघावं, त्याचा रबरी बूट बहुतेक फाटलेला असतो आणि आतलं ग्रीस चाकाच्या रिमवर उडालेलं असतं. खराब रस्त्यावरची बारीक खडखड ब्रेकवर नुसता पाय टेकवला की थांबली, तर ती डिस्क पॅडची. सस्पेन्शनला हात लावायचं कारण नाही.

माझ्या आजोबांना रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या कुणाची बैलगाडी शिवारातून परत आली ते कळायचं. तुंबा झिजला की चाक आसावर डुलतं, आणि प्रत्येक चाक आपापल्या परीनं डुलतं. "त्याला म्हणावं वंगण घाल," ते कूस बदलत म्हणायचे. म्हणजे हे ज्ञान घरात होतं. दोन पिढ्यांत ते माझ्यापर्यंत 'पुढून, डावीकडून, बहुतेक' एवढंच पोचलं.

आमच्याकडचे रस्ते असे का, याची उत्तरं चहाच्या टपरीवर तयार असतात आणि त्यातली बरीच खरीही असतात. पण थोडं उत्तर पायाखालच्या मातीत आहे. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिलमध्ये रानात अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. त्या मातीवर मुरमाचा जाड थर नीट दाबून न टाकता केलेला रस्ता दर वर्षी थोडा उचलतो, थोडा बसतो. म्हणून आमच्याकडं खड्डे आहेतच, शिवाय लाटा आहेत. रस्ता दिसायला गुळगुळीत, पण साठच्या वर गेलं की गाडी होडीसारखी. चाचांचं म्हणणं असं की लाटेवर शॉकअप कळतात आणि खड्ड्यात बुश, म्हणजे सांध्यांमधली रबरं, कळतात. लाट ओलांडल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन शांत झाली तर शॉकअप ठीक. झुलतच राहिली तर गेले. माझी गाडी जुन्या शॉकअपवरसुद्धा लाटेवर झुलत नव्हती, हे मला तेव्हा विचारलं कुणी असतं तर मी सांगितलं असतं.

आठव्या दिवशी कागद घेऊन गेले. चाचांनी चष्मा लावून सगळा वाचला. एके ठिकाणी मी लिहिलं होतं: 'रिव्हर्स घेऊन ब्रेक, ढप्. पुन्हा पुढं घेऊन ब्रेक, ढप्. लगेच परत ब्रेक, नाही.' तिथं त्यांनी बोट ठेवलं आणि पोरांना हाक मारली.

"तीन आवाज आहेत," ते म्हणाले. "तुम्ही एक समजून घेऊन आल्या होत्या."

त्या दिवशी शनिवार होता, शाळा सकाळची. मी लिंबाखाली स्टुलावर बसून सगळं बघितलं. आधी त्यांनी बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. म्हणजे शॉकअपवरचा संशय बाद. मग मला आत बसवलं, गाडी जमिनीवरच, आणि स्टिअरिंग चार बोटं डावी, चार बोटं उजवी हलवत राहायला सांगितलं. खाली ते टाय रॉडच्या, म्हणजे रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांडीच्या, टोकावर पंजा ठेवून होते. ढिलाई असेल तर ती डोळ्याआधी हाताला कळते, आणि चाकं जमिनीवर असतानाच कळते. काही नव्हतं. मग जॅक, जॅकनंतर घोड्या, म्हणजे गाडी वर धरून ठेवायचे लोखंडी आधार. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली त्यांची पोरं पायाचा अंगठाही घालत नाहीत, हे बघून मला बरं वाटलं. चाक वर-खाली धरून हलवलं, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा वाजतात तिथं. मग तीन आणि नऊला. त्यातही काही नाही. वर-खाली हललं असतं तर एका पोराला ब्रेक दाबायला बसवलं असतं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर चाकाचं बेअरिंग, नाही थांबलं तर बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक यांच्यातला गोळ्याचा सांधा. बॉल जॉइंट ही गंमत नाही. तो निसटला की चाक आडवं पडतं; रस्त्याच्या कडेला पाय मोडलेल्या बैलासारख्या बसलेल्या गाड्या आपण बघतो त्यातल्या काही याच्याच. सगळ्यात मोठा आवाज करणारी गोष्ट सगळ्यात धोक्याची असते असं मुळीच नाही. माझी तीन महिन्यांची टक् त्या मानानं कमी धोक्याची निघाली, आणि बॉल जॉइंटनं कदाचित तेवढीही सूचना दिली नसती.

रॅक ठीक होता. दुसऱ्या गॅरेजवाल्याला मी मनातल्या मनात जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

मग कर्र. "हात ठेवा," चाचा म्हणाले. स्प्रिंगवर. पोरानं आत बसून स्टिअरिंग हळूहळू फिरवायला घेतली. तळव्याखाली स्प्रिंगचा गार वेटोळा. चाक वळतंय हे डोळ्यांना दिसत होतं, पण वेटोळा जागचा हलत नव्हता, हलत नव्हता, आणि मग एकदम शहारला. माशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते तसा. त्याच क्षणाला वरून कर्र. मी हात काढून घेतला, परत ठेवला, पोराला म्हटलं अजून एकदा.

या छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकाची बांधणी अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्ससाठी एका स्वस्त, लहान गाडीवर तो काम करत होता. ती गाडी बाजारात आलीच नाही, तो फोर्डमध्ये गेला, आणि 1950 साली इंग्लंडमध्ये लोकांसमोर आलेल्या फोर्ड कॉन्सलला त्याची ही रचना होती. त्यानं चाकाचा वरचा आर्म काढूनच टाकला. शॉकअप आणि स्प्रिंग यांचा एकच खांब केला आणि चाक त्यालाच धरलं. जागा वाचली, खर्च वाचला. पण चाक वळवायचं तर अख्खा खांब फिरला पाहिजे, म्हणून त्याच्या डोक्यावर, बॉनेटच्या आत, एक बेअरिंग आलं. स्टिअरिंग फिरवताना दर वेळी ते फिरतं. माझ्या गाडीचं अठरा वर्षं फिरत होतं. पहिल्या गॅरेजनं शॉकअप नवे टाकले आणि डोक्यावर तेच जुनं, सुकलेलं बेअरिंग परत बसवलं, मुंडावळ्या नव्या आणि नवरदेव तोच तसं.

टक् शोधायला दोन मिनिटं लागली. चाचांनी बॅलन्स रॉड आणि आर्म यांच्या मध्ये टॉमी, म्हणजे लांब लोखंडी दांडी, घातली आणि जरा जोर दिला. दांड्याचं टोक आर्ममध्ये करंगळीएवढं पुढं-मागं झालं. टक्. तोच, अगदी तोच. इतके दिवस चालत्या गाडीत ऐकलेला आवाज उभ्या गाडीत, हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा. पोरानं नट सोडला तेव्हा बुश म्हणून जे होतं ते भाकरीच्या चुऱ्यासारखं हातावर पडलं. आमच्या या जुन्या अल्टोत हा दांडा नुसता कलंडणं आवरत नाही. आर्मला पुढं-मागं धरून ठेवायचं कामही त्याच्याकडंच आहे. म्हणून त्याचं रबर संपलं की ब्रेक दाबल्यावर चाक अख्खंच केसभर मागं सरकतं. दुसऱ्या काही गाड्यांत या दांड्याची लिंक सोडून, हळू चक्कर मारून, आवाज गेला का बघतात. या गाडीत तसं करायचं मनातही आणू नये.

राहिला ढप्. चाचांनी तो लोअर आर्म काढायला लावला, बिलावर नवा म्हणून लिहिलेला. आर्म खरंच नवा होता. पण त्याच्या मुळाशी जे रबर असतं, आत एक लोखंडी नळी आणि बाहेर एक, ते तिरकं फाटलेलं होतं, ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसं.

"हवेत आवळला," चाचा म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी आर्म हातात धरून दाखवलं. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं, आर्मही खाली झुकलेला. तेव्हाच नट पक्का केला तर आतली नळी त्या झुकलेल्या जागेवर जखडते. मग गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो, बाहेरची नळी त्याच्यासोबत फिरते, आतली फिरत नाही, आणि मधलं रबर उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलं राहतं. त्यावर आमचे खड्डे. वर्षानुवर्षं जगायचं रबर तीन महिन्यांत जातं. चूक पाच मिनिटांची आहे. पाना हातात असतो, गाडी वर असते, आवळून टाकलं की काम संपलं असं वाटतं.

चाचांनी सगळे नट आधी नुसते लावले, बोटानं फिरतील एवढे. मग घोड्या काढल्या आणि पुढची चाकं दोन जाड लाकडी ठोकळ्यांवर चढवली, म्हणजे भार चाकांवर आणि तरी खाली शिरायला जागा. पोरांनी बॉनेटचे कोपरे दाबून गाडी चार-पाचदा झुलवली. गाडी आपल्या बसायच्या जागी बसली. आणि तेव्हा कुठं ते स्वतः, सत्तरीचे, पोत्यावर झोपून खाली सरकले आणि शेवटचा आवळा त्यांनी स्वतःच्या हातानं दिला. पोरांना देत नाहीत म्हणे. बाहेर आल्यावर दाढीला माती लागली होती ती तशीच ठेवून त्यांनी अलाइनमेंट कुठं करायची ते सांगितलं, आणि ती केल्याशिवाय नांदेडला वगैरे जाऊ नका म्हणाले, टायर खाईल.

सगळं मिळून पहिल्या बिलाच्या तिसऱ्या हिश्शात झालं. हजेरीपटाची पानं मी परत मागितली तर म्हणाले, राहू द्या, या पोरांना दाखवतो. मला उगाच तपासलेली वही फळ्यावर लावल्यासारखं वाटलं.

सोमवारी आम्ही निघालो. मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. झरीला चहा झाला. बोरीच्या अलीकडे पूल दिसला तसं बोलणं सवयीनं थांबलं. शेजारच्या मॅडमचं वाक्य 'म्हणून तिच्या सासूनं' इथं येऊन अडलं. समोरून एक रिकामी ट्रॉली खडाखडा करत आली, मी डावीकडं घेतली, डावं चाक खड्ड्यात उतरलं, तळ बघितला, वर आलं.

मागून काही आवाज आला नाही. आरशात बघितलं तर गणिताच्या मॅडम तोंड किंचित उघडं ठेवून बसल्या होत्या.

"बरं, मग सासूनं काय केलं?" कुणीतरी विचारलं.